बांध सरकारचा, शेत शेतकऱ्याचे

मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ ओलांडून नागोठण्याच्या दिशेने निघाले की पेण तालुक्यातील गडब हे गाव लागते. अंबा नदी व धरमतरची खाडी यांच्या काठाने पसरलेल्या खारेपाटातील भातशेती ही निसर्गाची देणगी नव्हे. भरतीच्या पाण्याला मातीचे बांध घालून समुद्राकडून ती मिळविलेली आहे. बाहेरकाठ्याला एके ठिकाणी खांड पडली, तर खारे पाणी सबंध शिवारात शिरते आणि मीठ धुऊन निघेपर्यंत काही पावसाळे तेथे दाणा पिकत नाही. बांधाची निगा कोणी राखावयाची, हा म्हणूनच येथे जगण्यामरणाचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी काय केले, हे पाहणे अर्थशास्त्राच्या एखाद्या ग्रंथाइतकेच उद्बोधक ठरेल.

जुनी व्यवस्था न्याय्य होती, असे कोणी म्हणणार नाही. खोत आणि सावकार यांच्या पिळवणुकीविरुद्ध याच खारेपाटातील चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, हा इतिहास विसरता येणार नाही. परंतु त्या अन्यायी व्यवस्थेच्या पोटात एक उपयुक्त कामही दडलेले होते. बांध राखण्याच्या बदल्यात शिलोत्रीला वेगळा हक्क मिळे. आणि गावकऱ्यांची 'जोळ' उधाणाच्या आधी बाहेरकाठ्यावर जमून प्रत्येक घराच्या श्रमाने माती घाली. बांध फुटला तर कोणाचे नुकसान होणार आणि तो कोणी दुरुस्त करावयाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे बव्हंशी एकच होती.

पुढे कायद्यांमागून कायदे आले. १९४८ मध्ये कूळकायदा आणि खारजमिनींचा कायदा, १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा, १ एप्रिल १९५७ रोजी कृषकदिन आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा. यांतील एकही कायदा वाईट हेतूने केलेला नव्हता. कुळाला जमीन मिळाली, ही तर न्यायाचीच गोष्ट झाली. परंतु खोताचा हक्क काढून घेताना त्या हक्काला चिकटलेले कर्तव्य कोणाकडे जाणार, याचा विचार पुरेशा काळजीने झाला नाही. ते कर्तव्य हळूहळू शासनाच्या खात्याकडे गेले. शेत शेतकऱ्याचे आणि बांध सरकारचा, अशी फाळणी झाली.

या फाळणीचे परिणाम कोणाही विचारी माणसाला आधीच दिसू शकले असते. शेतकऱ्याला लहानशी भेग दिसते त्या दिवशी ती चार टोपल्या मातीने बुजते. खात्याला ती दिसण्यासाठी अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात. तोवर अमावास्येचे उधाण येऊन गेलेले असते. वरातीमागून घोडे निघते ते अभियंते आळशी असतात म्हणून नव्हे. भेगेची माहिती एकाजवळ, पैसा दुसऱ्याजवळ आणि नुकसान तिसऱ्याच्या पदरात, अशी रचना असल्यावर दुसरे काही घडणेच अशक्य असते. आणि सरकार बांध राखणार असे एकदा ठरल्यावर स्वतः माती घालणारा शेतकरी आपल्याच मनाला खुळा वाटू लागतो. जोळ कोणी मोडून काढली नाही. तिचे प्रयोजनच संपत गेले. फ्रेंच विचारवंत बास्तिया याने १८५० मध्येच बजावले होते की, कायद्याचे दिसणारे परिणाम आणि न दिसणारे परिणाम यांचा हिशेब एकत्र मांडावयास हवा.

कहाणी येथेच संपत नाही. खांड बुजली नाही की भरतीबरोबर शेतात तिवरांची रोपे रुजतात. १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आणि मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ व २०१८ चे निर्णय यांनी कांदळवनांना योग्य असे संरक्षण दिले. परंतु सरकारी बांध फुटल्याने ज्याच्या सातबाऱ्यावरील शेतात तिवर उभे राहिले, त्याचे शेत मात्र त्याच्या हातून जवळजवळ गेलेच. सर्वांच्या हिताच्या संरक्षणाचा खर्च एकट्या त्याच्या माथी बसला. असा शेतकरी रोपटे दिसताच उपटून टाकण्याची घाई करील, किंवा मिळेल त्या भावात जमीन विकून मोकळा होईल. पहिल्याने कांदळवन राहत नाही, दुसऱ्याने शेती राहत नाही.

बांध पुन्हा शेतकऱ्यांकडे दिले तर 'बारभाईंची खेती' होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. आज बांधांचा खर्च गरीब खातेदाराला एकट्याने पेलणारा नाही, हेही खरे. परंतु निधी देणे वेगळे आणि कारभार करणे वेगळे. सामाईक साधनसंपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी टिकवू शकतात, हे दाखविल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रानेही २००५ च्या कायद्याने कालव्यांचे व्यवस्थापन पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याचे तत्त्व मान्य केलेच आहे. जे गोड्या पाण्याला चालते, ते खाऱ्या पाण्याला का चालू नये?

शासनाने मोठ्या बांधणीचा खर्च उचलावा. वार्षिक निगेची रक्कम मात्र खातेदारांच्या संस्थेच्या हाती द्यावी आणि ती खर्च करण्याचा अधिकार व हलगर्जीपणाचा दोष दोन्ही तिच्याकडेच ठेवावे. खाजगी जमिनीवरील तिवर राखावयाचे असतील, तर राखणाऱ्याला त्याचे मोल द्यावे. कायदा चांगल्या हेतूने केला एवढ्याने भरती थांबत नाही. ती थांबते बांधाने. आणि बांध टिकतो तो ज्याचे शेत त्याच्या आड आहे, त्याच्या हाताने.