महाडचा दावा आणि लिनक्सचा दावा

सोलापुरात संगणक शिकणारी आपली मुलं-मुली लिनक्स वापरतात. ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्याही फोनचा गाभा लिनक्सच आहे. "फुकट मिळतं" एवढंच आपण जाणतो. पण ते कोर्टात लढून टिकलं आहे. तो इतिहास वाचताना आम्हाला महाड आठवतं.

चवदार तळं खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाणी घेतल्यावर सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. डिसेंबरात, दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर, 'तळ्यावर फक्त आमचाच हक्क' असा दावा लावून त्यांनी मनाई हुकूम आणला. तशी जुनी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. पण उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

आता युनिक्सचं बघा. ही ऑपरेटिंग सिस्टीम एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्समध्ये जन्मली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतल्या मंडळींनी तिच्यात वर्षानुवर्षे भर घातली आणि १९९१ मध्ये आपला सोर्स कोड सर्वांना खुला केला. १९९२ मध्ये कंपनीच्या उपकंपनीने दावा ठोकला. विद्यापीठाने उलट दावा लावला: आमचा कोड तुम्हीच श्रेय न देता वापरलात! १९९४ मध्ये तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त तीन. मात्र दोन वर्षं बर्कलेच्या कोडवर संशय राहिला आणि तेवढ्यात फिनलंडचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये सुरू केलेलं लिनक्स पुढे निघून गेलं.

माणसाला पाणी नाकारणं आणि कोड अडवणं एक नव्हे, हे आम्ही जाणतो. डाव मात्र ओळखीचा आहे. दावा टिकला नाही तरी चालतं, समोरच्याचा वेळ गेला की काम होतं.

२००३ मध्ये लिनक्सवरही पाळी आली. एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला की आमचा युनिक्स कोड लिनक्समध्ये घुसवला. पुढे २०१० मध्ये अमेरिकन ज्युरीने सांगितलं की युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे नाहीतच, ते नोव्हेलकडे आहेत. पण लिनक्सवाले निकालाची वाट बघत बसले नाहीत. २००४ पासून त्यांनी नियम केला: कोड देणाऱ्याने 'हा द्यायचा मला हक्क आहे' असं नावानिशी नोंदवायचं. लिनक्सचा जीपीएल परवानाही कॉपीराइट कायद्याच्याच जोरावर सांगतो की बदललेला कोड वाटायचा असेल, तर तो पुढच्यासाठीही खुला ठेवावा लागेल.

कोणी म्हणेल, शिष्यवृत्ती अडकली आहे, अत्याचार थांबत नाहीत, तिथे कोडचं काय घेऊन बसलात? आमचं उत्तर असं: ज्ञानावर मालकी सांगणाऱ्यांशी आपलं भांडण जुनंच आहे. त्याचं मैदान आता संगणकातही आहे. तिथे आपली पोरं नुसती वापरकर्ते म्हणून राहिली, तर हक्कांच्या अटी दुसरेच लिहितील.

म्हणून कोड शिका, आणि त्यासोबतचा परवानाही वाचा. जे सर्वांचं आहे, ते सर्वांचं असल्याचा कागद आपल्या हाती हवा. महाडने आपल्याला हेच शिकवलं.

जय भीम!