विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका, विचारल्याशिवाय सोडूही नका

दिवस गेल्याचं कळलं म्हणून आज रात्रीपासून फिटची गोळी बंद, असं तुमच्या घरात कुणी ठरवत असेल, तर कृपा करून थांबा. गोळी चालू ठेवा आणि ज्या डॉक्टरांनी ती सुरू केली त्यांना उद्या सकाळीच गाठा. हे औषध एकाएकी तोडलं तर न थांबणारी फिट येऊ शकते आणि त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

यातली सोडियम व्हॅल्प्रोएट ही गोळी गर्भाला खरोखरच घातक आहे. एरवी शंभरात दोन-तीन बाळांना जन्मजात व्यंग असतं. ही गोळी घेणाऱ्या आयांच्या बाळांत ते प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. शिवाय दहातल्या तीन-चार मुलांच्या बोलण्यावर, शिकण्यावर परिणाम दिसतो. तरीसुद्धा ती कशी कमी करायची आणि कुठल्या औषधावर जायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं. खरं तर हा प्रश्न पाळी चुकण्याआधीच विचारायला हवा. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी पाळी चुकल्यावर साधारण दोन आठवड्यांत मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. ब्लडप्रेशरच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या, पिंपल्ससाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइन यांचंही तसंच. लग्न ठरलेल्या, मूल हवं असलेल्या आणि रोजची गोळी चालू असलेल्या प्रत्येकीने आत्ताच विचारावं.

याउलट थायरॉइडची गोळी या काळात सोडायची तर नसतेच, बहुतेक वेळा तिचा डोस वाढवावा लागतो, कारण सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतं. दम्याचा पंपही सोडू नका. आईला धाप लागली की बाळाचाही ऑक्सिजन तुटतो.

मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी असते. समोर येते ती बहुतेक वेळा कापलेली पट्टी: दोन गोळ्या, नावाची अर्धी अक्षरं, तारीख गायब. "हीच द्या, मागच्या वेळी लगेच उतार पडला होता." कुणासाठी, असं विचारलं की कळतं, सुनेला सहावा महिना आहे आणि कंबर धरली आहे. पट्टी उलटून निरखली की डायक्लोफिनॅक निघतं. विसाव्या आठवड्यानंतर अशा वेदनाशामकांनी बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येतो, गर्भजल कमी होऊ शकतं. घरात पडून राहिलेली गोळी गरोदर बाईला देऊ नका, मग ती कितीही गुणकारी वाटो.

मिश्रीबद्दल तर कुणी डॉक्टरांना सांगतच नाही, कारण ती औषधात धरलीच जात नाही. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या पाहणीत, जी २००४ साली प्रसिद्ध झाली, मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमने हलकी भरली. सासूबाईंनी डबी पुढे केली तरी नको म्हणा, आणि सासूबाईंनी ती पुढे करू नये.

चुकीच्या भीतीनेही बाळं जातात. १९८६ साली चेर्नोबिलचा स्फोट झाला, तेव्हा ग्रीसमध्ये किरणोत्सर्गाच्या भयाने हव्या असलेल्या सुमारे अडीच हजार गर्भांचा गर्भपात झाला, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे. तिथे पोचलेला किरणोत्सर्ग गर्भाला व्यंग येण्याइतका नव्हता. आपल्याकडेही दिवस गेलेत हे ठाऊक नसताना छातीचा एक्स-रे काढला म्हणून कुणी कुणी गर्भ पाडायला निघतात. एका एक्स-रेने बाळापर्यंत पोचणारा डोस नगण्य असतो. विचारा, आणि मगच ठरवा.

बाळंतिणींची व्यथा वेगळी. अमोक्सिसिलिनचा पाच दिवसांचा कोर्स मिळाला की कुणीतरी सांगतं, अंगावर पाजू नकोस. दूध आटतं, छाती दाटते, बाळ बाटलीला लागतं. वास्तविक अमोक्सिसिलिन आणि पॅरासिटामॉल ही दोन्ही बाळांनाही दिली जाणारी औषधं आहेत आणि दुधातून उतरणारा अंश त्याहून कितीतरी कमी असतो. कॅन्सरची औषधं, किरणोत्सारी आयोडीन असे अपवाद आहेत, पण ते थोडे. पाजणं थांबवायला सांगितलं तर कुठल्या औषधामुळे आणि किती दिवस, हे विचारल्याशिवाय थांबवू नका.

गरोदरपणात आणि पाजताना कुठलं औषध चालतं, एवढंच सांगण्यासाठी अमेरिकेत 'मदर टू बेबी' ही मोफत सेवा आहे; तिच्यामागची संस्था १९८७ पासून काम करते. फोन लावा, औषधाचं नाव आणि कितवा आठवडा ते सांगा, अभ्यासलेला माणूस समजावून सांगतो. तिकडे राहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांनी तिचा उपयोग जरूर करावा. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलहून चालणाऱ्या सेवेची औषधवार माहितीपत्रकं कुणालाही वाचायला मिळतात. साताऱ्याच्या किंवा गडचिरोलीच्या बाईला हे मराठीत, एका साध्या क्रमांकावर मिळायला हवं. वैद्यकीय महाविद्यालयांत औषधशास्त्राचे विभाग आहेत, जाणकार आहेत. आळीपाळीने त्यांना फोनवर बसवणं सरकारला जड नाही.

तोवर हे करा. घरातली सगळी औषधं, काढे, भस्मं, पुड्या, मलमं एका पिशवीत भरा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून पुढच्या प्रत्येकीने तिथे ती पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी. त्याआधीचे महिने असतील तर ९ तारखेची वाट न बघता जा. जाता येत नसेल तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोला, आशाताईंची मदत घ्या. माझ्या दुकानदार बांधवांनो, पट्टी कापताना नाव आणि तारीख ग्राहकाकडे राहील अशी कापा, आणि बाईमाणूस समोर असेल तर दिवस गेलेत का, अंगावर पाजता का, एवढं विचारा. आणि मराठी हेल्पलाइनची मागणी ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत, आमदारांकडे लेखी द्या, तिची पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.