सुंता कोठे करावी?

मुलाची सुंता करावी की न करावी, हा ज्या त्या कुटुंबाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे असे म्हणून आपल्या चळवळीतील बहुतेक मंडळी या विषयापासून दूर राहतात. परंतु ज्या घरात ती करावयाची हे ठरलेलेच असते, तेथील आईबापांपुढे वेगळाच प्रश्न उभा असतो. ती कोठे करावी? हज्जामाला घरी बोलावून, गल्लीतल्या दवाखान्यात, खाजगी शुश्रूषागृहात, की सरकारी रुग्णालयात? हा प्रश्न पैशाचा, माहितीचा आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा आहे. म्हणून तो आपलाही आहे.

पुण्यात हा संस्कार भवानी पेठ, मोमीनपुरा, कोंढवा येथील मुसलमान घरांत होतो, तसाच बेने इस्रायली घरांत आठव्या दिवशी होतो. डेव्हिड ससून यांच्या दातृत्वातून या शहरात लाल देऊळ उभे राहिले आणि ससून रुग्णालयही. दोन्ही वास्तूंचे साल 1867. धर्म आणि शस्त्रक्रिया यांत वैर असलेच पाहिजे असे नाही. ज्या आईचे दोन मुलगे सुंतेनंतर दगावले, तिच्या तिसऱ्या मुलाची सुंता करू नये, असे मत प्राचीन तालमुद ग्रंथातच नोंदलेले आहे. रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार शास्त्राला उमगण्यापूर्वीचा हा शहाणपणा आहे.

आज हा शहाणपणा कोणाला परवडतो? रोजंदारीवरील बापाला रुग्णालयात जाणे म्हणजे फीखेरीज दोन-तीन दिवसांची मजुरी बुडविणे. घरी येणारा हज्जाम स्वस्त पडतो, ओळखीचा असतो आणि रांगेत उभे करीत नाही. पण घराण्यात रक्तस्रावाचा विकार आहे काय, हे तो विचारीलच असे नाही. काही मुलांच्या मूत्रमार्गाचे छिद्र जन्मतः खालच्या बाजूस असते. त्यांची सुंता करावयाची नसते, कारण पुढील दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेस तीच त्वचा लागते. हे ओळखणे, जागा बधिर करणे, उपकरणे निर्जंतुक करणे आणि रात्री रक्त थांबले नाही तर उपचार करणे, या चार गोष्टी जेथे होतात तीच योग्य जागा.

केवळ खाजगी पाटी पाहून मात्र निश्चिंत होता येत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने 1963 साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. म्हणून येथे बाजाराचा नेहमीचा न्याय लागू पडत नाही. लहान मुलाची अग्रत्वचा मागे न सरणे बहुधा नैसर्गिक असते, हे डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरने 1949 सालीच मांडले. तरीही 'फायमोसिस' हा शब्द ऐकून गरज नसताना शस्त्रक्रियेला संमती देणारे पालक सर्व धर्मांत आढळतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने अकारण सुंतेचा खर्च उचलला नाही, तेव्हा तेथील प्रमाण झपाट्याने घसरले. विम्यातून पैसे मिळत राहिलेल्या अमेरिकेत ते दीर्घकाळ टिकून राहिले.

मग आपल्याकडे सार्वजनिक पैसा धार्मिक विधीवर का खर्चावा, असा आक्षेप येईल. उत्तर सरळ आहे. ब्रिटनमध्ये ती बव्हंशी सवय होती, येथे ती श्रद्धा आहे. रुग्णालयाने दार लावले म्हणून विधी थांबत नाही. तो स्वस्त हातांकडे जातो, आणि बिघडलेले मूल अखेर ससूनच्याच दारात येते. जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने 2012 साली सुंतेला शारीरिक इजा ठरविले. त्याच वर्षी तेथील संसदेने कायदा करून वैद्यकीय नियम पाळण्याच्या अटीवर तिला मान्यता दिली.

हा युक्तिवाद मुलींच्या बाबतीत मात्र बिलकूल लागू नाही. दाऊदी बोहरा समाजातील मुलींच्या खतन्याला 2017 साली सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. तिला कोणतेही वैद्यकीय प्रयोजन नाही, आणि स्वच्छ दवाखाना निवडल्याने ती निर्दोष होत नाही. तेथे प्रश्न जागेचा नसून प्रथा बंद करण्याचाच आहे.

या विषयावरील मौनाला आणखी एक कारण आहे. 1947 च्या फाळणीत आणि नंतरच्या दंगलींत हीच खूण तपासून माणसे मारली गेली. जी खूण भीतीची झाली, तिच्याविषयी समाज मोकळेपणाने मागणी कशी करील? मागणी करण्याचे काम म्हणूनच सर्वांनी उचलावयास हवे.

ते काम लहान आहे. महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात व ससूनमध्ये या शस्त्रक्रियेसाठी आठवड्यातील एक दिवस आणि अल्प दर जाहीरपणे ठरवून द्यावा, आणि तो वस्त्यांमध्ये उर्दू व मराठीत कळवावा. जुन्या हज्जामांना हिणवू नये. मूल रुग्णालयापर्यंत आणण्यासाठी त्यांच्यावरील लोकांच्या विश्वासाचा उपयोग करून घ्यावा आणि त्याबद्दल त्यांना मोबदला द्यावा. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 साली दुरुस्ती होऊन दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले आहे. ती लागली आहे की नाही, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या पेठेत फिरून पाहावे. हमाल पंचायतीने 1974 साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, तेव्हा स्वस्त आणि स्वच्छ या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकतात हे याच शहराने पाहिले. भाकरीच्या बाबतीत जे जमले, ते मुलाच्या जखमेच्या बाबतीत न जमण्याचे कारण नाही.