सोयीचे वचन, गैरसोयीचा अध्याय

सकाळी मोबाइल उघडला की सूर्योदयाच्या चित्रावर छापलेले बायबलचे वचन आलेले असते. अनेक ख्रिस्ती घरांत दैनिक मननाची जागा आता या चित्रांनी घेतली आहे. त्यांत हमखास फिरणारे वचन म्हणजे यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले ११वे. देवाच्या मनात तुमच्या हिताचेच बेत आहेत, अशा आशयाचे. मुलाखत असो, शस्त्रक्रिया असो की दहावीचा निकाल, ते कुठेही चालते. पण तो अध्याय उघडून पाहावा. यरुशलेमहून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने धाडलेले पत्र त्यात आहे. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हाला बंदिवान करून नेले त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करा, असे ते बजावते. अगदी वरच्याच वचनात सुटकेची मुदत दिली आहे : सत्तर वर्षे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा, दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल, असे मंदिरात जाहीर करतो आणि यिर्मया त्याला खोटा ठरवतो. झटपट दिलासा देणाऱ्यांना खोडून काढणाऱ्या पत्रातलेच एक वचन आज झटपट दिलाशासाठी वापरले जाते. हनन्याला याहून मोठा विजय तो काय हवा?

म्हणून रोजचे मनन क्रमाने आलेल्या उताऱ्यावर व्हावे, असे माझे म्हणणे आहे. आपण निवडलेले वचन बहुधा आपल्याच मताला दुजोरा देते. ठरलेला क्रम वाचकाची आवडनिवड विचारत नाही. कॅथलिक चर्चने १९६९ साली रविवारसाठी तीन वर्षांची आणि इतर दिवसांसाठी दोन वर्षांची वाचनमालिका आखली, ती याच कारणाने मोलाची. अर्थात चर्चलाही सोय सुटलेली नाही. नित्यप्रार्थनेच्या १९७१च्या आवृत्तीतून शत्रूंना शाप देणारी ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रे गाळलीच. तरीही सलग वाचणाऱ्याला कधी ना कधी ८८वे स्तोत्र भेटतेच. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. घरात मृत्यू झालेल्या माणसाला, सगळे ठीक होईल असे सांगणाऱ्या दहा चित्रांपेक्षा ते अधिक जवळचे वाटेल.

लोकल पकडणाऱ्याला एक वचन मिळाले तरी पुष्कळ, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे, पण त्या वचनाने अध्यायाकडे नेले तर. जर्मनीतल्या हेर्नहुटचे मोरावियन पंथाचे ख्रिस्ती १७३१पासून चिठ्ठी काढून ठरलेली रोजची वचने छापतात, हा दाखलाही दिला जाईल. पण तिथे वचन कोणाच्या लहरीवर ठरत नाही, आणि त्याच पुस्तिकेत सलग वाचनाचे उतारेही दिलेले असतात. अवघड भागाने साधा वाचक गोंधळेल, ही भीती मात्र मला पटत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. साध्या माणसाला दोन-चार गोड वचने पुरतात असे त्यांना वाटले असते, तर एवढा खटाटोप त्यांनी केलाच नसता.

तेव्हा उद्या ते वचन पुढे पाठवण्याआधी निदान तो अध्याय वाचावा. त्यात फक्त ३२ वचने आहेत.