स्थानकापासून सागरापर्यंत

सुटीचे दिवस जवळ आले, की मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत कोकणच्या समुद्राचा विषय निघतो. अलिबाग, श्रीवर्धन, गुहागर, गणपतीपुळे, मालवण अशी नावे पुढे येतात. आणि त्यांच्या पाठोपाठ एक प्रश्नही येतो : स्वतःची मोटार नसेल तर तेथे फिरावयाचे कसे? हा प्रश्न पडावा, यातच आमच्या मते सार्वजनिक वाहतुकीचे न्यून आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान एस. टी. ची पहिली गाडी धावली. तेव्हापासून या गाडीने कोकणच्या खेडोपाडी जी सेवा केली, तिचे विस्मरण होणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९९८ साली कोकण रेल्वेही पूर्ण झाली. परंतु हा लोहमार्ग समुद्रापासून बराच आतून जातो. मालवणचा उतारू कुडाळास उतरतो, गुहागरचा चिपळुणास, गणपतीपुळ्याचा रत्नागिरीस. पुढे गाडी केव्हा मिळेल, हे तेथील फलाटावर सहसा कोणी सांगत नाही. एस. टी. ने मालवण गाठले, तरी तारकर्लीची पुळण आणखी काही किलोमीटरवर राहतेच. या अखेरच्या टप्प्यासाठी उतारूला रिक्षावाल्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. परिणामी ज्याची ऐपत आहे तो मोटार काढतो, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधील अरुंद रस्ते शनिवार-रविवारी मोटारींनी तुंबतात.

गाड्या रिकाम्या धावतात, तोटा कोणी सोसावा, असे यावर सांगितले जाईल. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु जिची वेळ कोणास ठाऊक नाही, ती गाडी भरेल तरी कशी? ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांना विनामूल्य, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्यात प्रवासाची सवलत मिळाली. म्हणजे प्रवास स्वस्त झाला. तो सोयीचा करणे मात्र राहून गेले. ते अशक्य नाही. मुंबईहून मांडव्यास जाणाऱ्या काही लाँचसेवांच्या उतारूंना अलिबागपर्यंतचा बसप्रवास त्याच तिकिटात मिळतो. लाँच लागते, बस उभी असते. जे मांडव्यास साधते, ते कुडाळास वा रत्नागिरीस का साधू नये?

आगगाडीच्या वेळेशी जुळणारी बस, सुटीच्या दिवशी स्थानक, देऊळ, किल्ला व किनारा यांना जोडणारी लहान गाडी, आणि परतीच्या अखेरच्या गाडीची वेळ सांगणारा ठळक फलक, एवढेच आमचे मागणे आहे.

हा केवळ पर्यटकांच्या सोयीचा प्रश्न नव्हे. ज्या गाडीने सहलीला जाणारे कुटुंब जाईल, तिनेच गावची मुले शाळेत जातात, मासळीची पाटी घेऊन कोळीण बाजारास जाते आणि आजारी माणूस तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचतो. शहरवासीयांनी या गाडीकडे पाठ फिरविली, तर तिच्या फेऱ्या घटतील. आणि सोमवारी आपण घरी परतल्यावर रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे राहतील ते तेथील ग्रामस्थ. शासनाने व महामंडळाने याचा विचार करावाच. परंतु पुढील सुटीत समुद्राकडे निघण्यापूर्वी वाचकांनीही तो करावा, अशी आमची विनंती आहे.