बंदुकीची दारू आणि घरातील भट्टी

पीकरक्षणार्थ ठासणीची बंदूक बाळगण्याचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये शेतकऱ्यास मिळू शकतो. परंतु खरा धोका बंदुकीपेक्षा दारूच्या डब्यात आहे. हुपरीस हा प्रश्न विशेष बिकट, कारण येथे शेती करणाऱ्या कित्येक घरी चांदीचेही काम चालते. चांदी वितळण्यास सुमारे ९६० अंश उष्णता लागते. दारूस एक ठिणगी पुरते. शिवाय दारूतील सोरा स्वतःच प्राणवायू पुरवितो, म्हणून पेटलेली दारू झाकून विझत नाही. सबब ज्या खोलीत भट्टी, चूल अथवा समई असेल तेथे दारू मुळीच ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती परवानाधारक दुकानदाराकडूनच, परवान्यात नमूद असेल तेवढीच घ्यावी व मूळ डब्यात, कोरड्या जागी, कुलूपबंद लाकडी कपाटात ठेवावी. टोप्या निराळ्या ठेवाव्यात. जाड लोखंडी पेटी टाळावी; आत वायू कोंडल्यास तीच बॉम्ब ठरते. घरी दारू कुटण्याचा मोह तर सर्वथा वर्ज्य समजावा. रानडुकरावर बार काढण्यापूर्वीही १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये परवानगी घेणे अवश्य आहे. पीक राखण्यासाठी घर पणास लावणे हा शहाणपणा नव्हे.