शेताला तहान लागलीय हे सेन्सर सांगेल, पण पाणी कुठून आणायचं?

2025 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायची होती. स्लॉटही मोबाइलवरूनच. म्हणजे कापूस विकायला ॲप आलं. आता पिकवायलाही येतंय. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 5 वर्षांचं कापूस उत्पादकता अभियान जाहीर झालं, आणि तेव्हापासून ‘स्मार्ट शेती’, ‘एआय’, ‘मातीत सेन्सर, मोबाइलवर अलर्ट’ हे शब्द कापसाच्या प्रत्येक बातमीत दिसतात. त्यातल्या मातीच्या सेन्सरबद्दल बोलू, कारण इंजिनिअरिंगच्या निम्म्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये तोच असतो.

हा सेन्सर ऑनलाइन शे-दोनशे रुपयांतही मिळतो. काम सोपं आहे. तो एक कपॅसिटर असतो आणि त्याच्या आजूबाजूला माती असते. हवेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 1, कोरड्या मातीचा साधारण 3 ते 5, आणि पाण्याचा जवळजवळ 80. त्यामुळे मातीत थोडं जरी पाणी वाढलं तरी कपॅसिटन्स ठळकपणे बदलतो. तो आकडा वाचायचा, टक्केवारीत बदलायचा, मोबाइलला पाठवायचा. कुंडीत मस्त चालतं.

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत मात्र दोन भानगडी होतात. पहिली म्हणजे ही माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते, भेगा पडतात. भेग नेमकी सेन्सरला चिकटून पडली तर तो माती नाही, हवा मोजतो. खाली ओल असतानाही मोबाइलवर लाल अलर्ट! दुसरी भानगड जास्त महत्त्वाची आहे. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की ते पाणी घट्ट धरून ठेवतात, मुळांना सहज सोडत नाहीत. वाळूत 25 टक्के ओलावा असेल तर झाड मजेत असतं, भारी काळ्या मातीत तेवढ्याच आकड्याला पऱ्हाटी माना टाकू शकते. म्हणून ‘ओलावा 25 टक्के’ या मेसेजला मातीची माहिती नसेल तर काही अर्थ नाही. पाणी ओढायला मुळांना किती जोर लावावा लागतो हे मोजणारं टेन्सिओमीटर नावाचं जुनं उपकरण आहे. ते प्रश्न बरोबर विचारतं, पण साधारण 80 सेंटीबारच्या पुढे त्याच्यात हवा शिरते आणि त्याचा आवाज बंद.

समजा, हे सगळं सुटलं. सेन्सर अचूक आहे, ॲप मराठीत आहे, नेटवर्कही आहे. अलर्ट आला: पाणी द्या. कुठून देणार?

महाराष्ट्रात कापूस साधारण 40 लाख हेक्टरवर असतो आणि त्यातला बहुतेक कोरडवाहू. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टममध्ये इनपुट आहे, ॲक्च्युएटर नाही. अशा शेतकऱ्याला ‘माती सुकली’ हे सांगण्यात काय नवल? त्याला ते बांधावरून दिसतंच.

मग शेततळं? हिशोब करून बघा. एका एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 4 हजार लिटर. 50 मिलिमीटरचं एक ओलित म्हणजे एकरी 2 लाख लिटर. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठं तळं 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल. बाजूंचा उतार धरला तर त्यात 20 लाख लिटरच्या आसपास मावतं. पाच एकरांना दोन ओलितं, तीही बाष्पीभवन आणि पाझर धरले नाहीत तर. दोनच पाळ्या हातात असतील, तर त्या कधी द्यायच्या हा प्रश्न लाखमोलाचा होतो. पाती-फुलं लागताना, की बोंडं भरताना? सेन्सरची किंमत वसूल होते ती इथे. ज्याच्याकडे विहीर आणि ठिबक आहे त्याच्यापेक्षाही, ज्याच्याकडे मोजकं पाणी आहे त्याला. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला नाही. सबसिडी सगळ्यांना सरसकट सेन्सरवर देण्याऐवजी आधी पाण्याच्या साठ्यावर द्यावी, असं मला वाटतं ते यासाठी.

गंमत म्हणजे, पाण्यावरचं सर्वांत रोचक काम इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाहीच. ते आहे लागवडीच्या अंतरात. ऑक्टोबरमध्ये पाऊस परततो, त्यानंतर कोरडवाहू कापूस मातीत साठलेल्या ओलीवर बोंडं भरतो. हलक्या, उथळ जमिनीत ती ओल लवकर संपते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सघन लागवडीवर भर देते त्याचं हेच कारण. 90 बाय 60 सेंटिमीटरवर हेक्टरी साधारण 18,500 झाडं बसतात, 90 बाय 15 वर 74 हजार. प्रत्येक झाडावर बोंडं कमी लागली तरी चालतं, झाडंच चौपट. वाण बुटका आणि लवकर येणारा हवा, वाढ आवरायला मेपिक्वॅट क्लोराइड फवारायचं. पीक ओल संपायच्या आत हाताशी येतं, आणि हंगामाच्या शेवटी वाढणाऱ्या गुलाबी बोंडअळीच्या तावडीतूनही बरंचसं सुटतं. म्हणजे पाणी वाढवलं नाही, डेडलाइन अलीकडे आणली.

अडतं कुठे? बियाण्यात. झाडं चौपट म्हणजे बी कितीतरी जास्त, आणि 2025-26 मध्ये बोलगार्ड-2 च्या एका पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. शिवाय ते संकरित. पुढच्या वर्षी घरचं बी वापरून तेच पीक येत नाही, दरवर्षी नवं पाकीट. सरळ वाण असेल तर घरचं बी ठेवता येतं. संस्थेने बीटीचे सरळ वाण काढलेतही, पण कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आजही बहुतेक पाकिटं संकरितचीच असतात.